छपाई कमी म्हणजे भाव जास्त, इतकं सरळ नाही

संग्राहक जमवतात त्या खेळाडूंच्या आणि खेळांच्या कार्डांच्या किमतीवरच्या लेखातलं ‘जितकी छपाई कमी, तितका भाव जास्त’ हे वाक्य अर्धंच खरं आहे. टॉप्स या अमेरिकन कंपनीच्या १९५२च्या संचातलं बेसबॉलपटू मिकी मँटलचं ३११ क्रमांकाचं कार्ड घ्या. छपाईच्या शीटवर ते दोनदा होतं, म्हणजे त्याच मालिकेतल्या बहुतेक कार्डांच्या दुप्पट निघालं. तरी २०२२ मध्ये त्याची एक प्रत १ कोटी २६ लाख डॉलरला गेली. निम्म्या संख्येने छापलेल्या बाकीच्या खेळाडूंना मात्र कोणी त्या भावात विचारत नाही.

दुसरं, कार्डाची अवस्था तपासून १० पैकी गुण देणाऱ्या ग्रेडिंग कंपन्यांचे ‘पॉप रिपोर्ट’ (कोणत्या कार्डाच्या किती प्रतींना किती गुण दिले याचे तक्ते) म्हणजे शिल्लक कार्डांची संख्या नव्हे. त्यात फक्त तपासणीला आलेली कार्डं मोजतात. ९ गुण मिळालेलं कार्ड लोक कंपनीच्या प्लॅस्टिकच्या कवचातून फोडून काढतात आणि १० मिळतील या आशेने परत पाठवतात. जुनं लेबल कंपनीला कळवलं नाही, तर एकच कार्ड दोनदा मोजलं जातं.

हल्लीच्या ‘१/१’, म्हणजे एकच प्रत छापलेल्या, कार्डांचं तर बोलायलाच नको. एकाच खेळाडूचं कार्ड, फक्त रंग आणि किनार बदलून, कितीदा तरी ‘एकमेव’! (ही दुर्मिळता नव्हे, ही शुद्ध विक्रीकला.)

‘मॅजिक’ या कार्डांच्या खेळाच्या १९९३च्या अल्फा, म्हणजे पहिल्या, आवृत्तीत प्रत्येक रेअर (सर्वांत दुर्मिळ गटातलं) कार्ड सुमारे ११०० निघालं, हा लेखातला आकडा बरोबर आहे. पण त्यातल्या ब्लॅक लोटससारख्या कार्डांचा भाव टिकला त्यात १९९६च्या ‘रिझर्व्ह्ड लिस्ट’चा, म्हणजे ही कार्डं पुन्हा न छापण्याच्या वचनाचा, वाटा मोठा आहे. लेखात त्याचा उल्लेखच नाही.