बिऱ्हाड पाठीवर, विंचू स्टिअरिंगवर

माझे वडील एसटीत कंडक्टर होते, कऱ्हाड-चिपळूण मार्गावर. कुंभार्ली घाटात गाडी मागे घ्यायची वेळ आली की ते खाली उतरायचे आणि मागच्या पत्र्यावर थापा मारून ड्रायव्हरला सांगायचे. दोन थापा म्हणजे येऊ दे, एक थाप म्हणजे थांब. घंटीचाही तोच कायदा. हे शास्त्र मला सातव्या वर्षापासून अवगत आहे. पण ते सत्तावन्नाव्या वर्षी टेक्सासमध्ये, पंचवीस फुटी आरव्हीच्या, म्हणजे चाकांवरच्या घराच्या, मागे चिखलात उभं राहून वापरावं लागेल असं ना मला कधी वाटलं, ना बाबांना.

त्याचं असं झालं, की नवरा जानेवारीत निवृत्त झाला. निवृत्तीनंतर माणसं देवाला लागतात, हा पक्ष्यांना लागला. तीस वर्षं ह्यूस्टनच्या रिफायनऱ्यांचे पाइप आणि व्हॉल्व्ह डिझाइन करण्यात गेल्यामुळे आकाशाकडे बघायचं राहून गेलं होतं म्हणे. दुर्बीण आली, खिसेच खिसे असलेलं जाकीट आलं आणि मार्च उजाडेपर्यंत ‘हूपिंग क्रेन’ रोज पोळीबरोबर ताटात पडायला लागला.

हा पांढराशुभ्र क्रौंच, उंची पाच फूट. म्हणजे माझ्याएवढा. गोंदियाकडच्या सारसाचा चुलतभाऊ म्हणा. १९४१ साली टेक्सास-कॅनडा वारी करणाऱ्या थव्यात जेमतेम पंधरा-सोळा पक्षी उरले होते. आमच्या वाड्यात एकेका बिऱ्हाडात त्याहून जास्त माणसं जेवायला असत. जपून जपून आता ते पाचशेच्या वर गेलेत. हिवाळा टेक्सासच्या किनाऱ्यावर अरान्सासच्या खाजणात काढायचा, निळे खेकडे खाऊन गुटगुटीत व्हायचं आणि वसंतात अडीच हजार मैल उडत कॅनडात अंडी घालायला जायचं. “एप्रिलच्या मध्यापर्यंत सगळे गेलेले असतात,” नवरा म्हणाला. चेहरा असा, की हापूसची शेवटची पेटी कुणीतरी उचलून नेतंय.

हॉटेल त्याला नको होतं. निसर्गात जायचं तर निसर्गातच राहायचं. म्हणून मार्चअखेरीला आरव्ही भाड्याने घेतली. टेक्सासात एवढी गाडी चालवायला साध्या मोटारीचं लायसन्स पुरतं. हे कळल्यावर मला आनंद व्हायला हवा होता. त्याऐवजी रस्त्यावरच्या बाकी सगळ्या आरव्हींची भीती वाटायला लागली.

आरव्ही म्हणजे स्वयंपाकघर, झोपायची खोली आणि संडास एकाच वेळी साठ मैलांच्या वेगाने पळत असतात. पहिल्या वळणावर पोह्यांचा डबा उतरला. दुसऱ्यावर चमच्यांचा खण बाहेर आला. तिसऱ्यापासून मी फ्रिजचं दार पायाने आणि कपाटाचं हाताने धरून बसले. वाटेत दुतर्फा ब्लूबॉनेट फुलली होती, निळीशार, डोळे निवावेत अशी. १९०१ पासून हे टेक्सासचं राज्यफूल आहे आणि वसंतात त्यात बसून फोटो काढल्याशिवाय इथल्या माणसाचं वर्ष सुरू होत नाही. मीही बसले. त्या निळाईखाली आगमुंग्यांचं वारूळ होतं. मुंगीने माणूस इतक्या चपळाईने उठतो हे नवऱ्याने तीसएक वर्षांत पाहिलं नव्हतं. फोटोत मी मनापासून हसतेय असं सगळ्यांना वाटतं.

संध्याकाळी रॉकपोर्टजवळच्या गूज आयलंड स्टेट पार्कमध्ये पोचलो. समुद्रवाऱ्याने एका अंगाला वाकलेले ओक, त्यांच्या मधोमध आमची जागा. जवळच एक ओक आहे, हजार वर्षांहून जुना. २०१७ चं हार्वी वादळ याच किनाऱ्यावर चढलं, तेही त्याने सोसलं. आमची गाडी मागे येताना बघून मात्र त्यालाही रामरक्षा म्हणावीशी वाटली असेल.

आरव्ही जागेवर लावायची म्हणजे मागे घेत घेत लावायची. मागचा कॅमेरा चिखलाने आंधळा झालेला. समोरच्या साइटवरच्या आजी-आजोबांनी आपल्या घडीच्या खुर्च्या हळूच आमच्याकडे वळवल्या. मी पदर खोचावा तसा टी-शर्ट खोचला आणि पत्र्यावर दोन थापा मारल्या. त्यातली एक वाऱ्याने खाल्ली. नवऱ्याला एकच ऐकू आली, तो थांबला. मी पुन्हा दोन मारल्या, तो निघाला. छपरावरच्या एसीजवळ फांदी आली म्हणून मी एक मारली. त्याला वाटलं, मघाशी हरवलेली थाप आत्ता पोचली. तो आणखी जोरात मागे आला.

नवऱ्याला ‘अहो’ म्हणणं मी तीस वर्षांपूर्वी ह्यूस्टनला उतरताना विमानातच विसरले होते. तेव्हापासून तो ‘अरे’ आहे. पण त्या क्षणी माझ्या तोंडून आरोळी निघाली ती “अहोऽऽ, थांबाऽऽ!” गाडी जागच्या जागी थिजली. फांदी चार बोटांवर होती. आजोबांनी टाळ्या वाजवल्या. नवरा खाली उतरून म्हणाला, “अहो म्हणालीस तेव्हाच कळलं, काहीतरी भयंकर झालंय.”

मग गाडी समतल करणं. नवऱ्याने ओट्यावर लिंबू ठेवलं. लिंबू घरंगळत थेट बिछान्याखाली गेलं. मग एका चाकाखाली प्लॅस्टिकचे ठोकळे, पुन्हा लिंबू, ते आता दाराकडे. लिंबू जागेवर बसेपर्यंत अंधार पडला आणि डासांना पत्ता लागला. या किनाऱ्यावरचा सर्वांत यशस्वी वन्यजीव कोणता, हे मला तिथेच समजलं. त्याला बघायला दुर्बीण लागत नाही.

आत येऊन मी एसी लावला, इंडक्शनवर खिचडीचा कुकर चढवला आणि मायक्रोवेव्हमध्ये पापड ठेवला. अख्ख्या गाडीचा वीजपुरवठा तीस अँपिअरचा. पापडाने तो ओलांडला. दिवे गेले. नवऱ्याने बॅटरीच्या उजेडात समजावलं, की तिन्हीपैकी दोनच एका वेळी. म्हणजे खायचं की थंड व्हायचं हे आधी ठरवायचं. पापड रद्द करून खिचडीवर तुपाची फोडणी घातली, तर हिंगमोहरीचा धूर छतावरच्या अलार्मला झोंबला. तो असा केकाटला, की आजोबा अग्निशामक नळकांडं घेऊनच दारात आले. त्यांना एक वाटी खिचडी दिली. दुसऱ्या दिवशी वाटी घासूनपुसून परत आली, पण अभिप्राय आला नाही.

रात्री गाडीखाली खरवड खरवड. नवरा म्हणाला चोर, मी म्हटलं उंदीर. दार किलकिलं करून बॅटरी टाकली तर आर्माडिलो! आपल्या खवल्या मांजरासारखा तोंडावळा, नातं काही नाही. याला बहुतेक वेळा हुबेहूब एकसारखी चार पिल्लं होतात आणि हा दचकला की जागच्या जागी सरळ वर उडी मारतो, असं नवरा कुजबुजत असतानाच त्याने उडी मारली आणि गाडीच्या बुडाला ठाणकन डोकं आपटलं. एक थाप. मी शपथेवर सांगते, नवऱ्याने झोपेच्या गुंगीत विचारलं, “थांबू?”

दुसऱ्या दिवशी अरान्सासचं अभयारण्य. तिथे जायचं म्हणजे पाण्याची नळी काढा, विजेची केबल काढा, ठोकळे उचला, लिंबू खिशात घाला. आरव्हीवाल्यांना दूध आणायला निघालं तरी घर बरोबर न्यावं लागतं. १९३७ पासूनचं हे अभयारण्य. मनोऱ्यावर आमच्यासारखी दहा-बारा जाकिटं. क्षितिजाजवळ एक पांढरा ठिपका दिसला. तो बगळा निघाला. दुसरा ठिपका हलत होता, ती प्लॅस्टिकची पिशवी निघाली. एक गुलाबी स्पूनबिल चमच्यासारखी चोच चिखलात ढवळत होता, लग्नात शालू नेसून आमटी वाढणाऱ्या बाईसारखा. कडेला एक मगर पडलेली होती, तिने दोन तासांत पापणीसुद्धा हलवली नाही. मला त्या दोघांतच धन्य वाटलं. नवऱ्याला नाही. शेजारचा दुर्बीणवाला सांत्वन करत म्हणाला, “काल इथेच होते.” तिसऱ्या दिवशी गेलो तेव्हा दुसरा एक जण म्हणाला, “सकाळी इथेच होते.”

आता टाकीबद्दल बोलायला हवं. मी टाळत होते.

आरव्हीत तीन टाक्या असतात. एक चांगल्या पाण्याची. दुसरी राखाडी, म्हणजे आंघोळ आणि भांडी. तिसरी काळी. ती कशाची, हे मराठी माणसाला सांगायला नको. काळी किती भरली हे दाखवणारा दिवा पहिल्या दिवसापासून ‘दोन-तृतीयांश’वर अडकला होता. त्यामुळे तीन दिवस आमच्या घरात रेशनिंग. मी आतल्या दाराकडे वळले की नवरा म्हणायचा, “पार्कचं टॉयलेट काही लांब नाही.” लांब नव्हतं. पण मधे डासांचा टोलनाका होता.

निघायच्या दिवशी सकाळी डंप स्टेशनवर टाक्या रिकाम्या करायच्या. नियम साधा: आधी काळी सोडायची, मग राखाडी, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी धुतली जाते. आपल्याकडे काळ्याचं पांढरं करतात, इथे राखाडीवर भागतं. नवऱ्याने मला सगळा प्रवाह बोटाने हवेत काढून दाखवला. जन्मभर याहून मोठे व्हॉल्व्ह हाताळलेला माणूस! फक्त आदल्या संध्याकाळी ‘एकदा चेक करतो’ म्हणून त्याने काळ्या टाकीची मूठ ओढून पाहिली होती आणि पुन्हा ढकलताना ती अर्धीच बसली होती. म्हणजे रात्रभर तो ऐवज झाकणाच्या आत येऊन, दार उघडायची वाट बघत उभा होता.

नवऱ्याने झाकण फिरवलं.

मी काय बघितलं ते लिहीत नाही. एवढंच सांगते, की जाकिटाला चौदा खिसे होते आणि दोन उघडे होते. पण माणूस पळाला नाही हो. दात-ओठ खाऊन त्याने नळी बसवली, मूठ पूर्ण ओढली आणि नळीचं दुसरं टोक जमिनीतल्या भोकात दोन्ही हातांनी दाबून उकिडवा बसला. नळी फुरफुरत होती, सोडली असती तर उसळली असती. मी ओढणीने नाक बांधून दहा पावलांवर नैतिक पाठिंबा देत होते.

आणि तेव्हा तो आवाज आला. गाढवं तुतारी शिकली तर येईल तसा, खणखणीत, दोन सुरांत. ओकांच्या शेंड्यांवरून तिघं येत होती. नवराबायको आणि मागे तांबूस डागांचं पोर. सात-साडेसात फुटांचे पंख, टोकांना काजळ लावल्यासारखे काळे. इतकी खाली, की पंखांची फडफड ऐकू आली. मान पुढे, पाय मागे, सगळं एका रेषेत. आम्हाला दोन दिवसांत जे मनोऱ्यावरून दिसलं नाही ते डंप स्टेशनवरून बरोबर उत्तरेला निघालं होतं.

“काय आहे?” नवरा ओरडला. मान वर करायची सोय नव्हती, डोळे नळीवर. “तेच का?”

“तेच!”

“किती?”

“तीन!”

“पोर आहे?”

“आहे!”

“कुठे गेले?”

“गेले,” मी म्हटलं. ते खरंच गेले होते.

नळी गुळगुळ करत शांत झाली. मग राखाडी सोडली. मग त्याने हात धुतले, पुन्हा धुतले, जाकीट पिशवीत घालून पिशवीला तीन गाठी मारल्या आणि काही न बोलता जाऊन गाडीत बसला. मी झाकण बसल्याची खात्री केली, मागे गेले आणि पत्र्यावर दोन थापा मारल्या. गाडी हलली नाही. वारा नव्हता, म्हणून पुन्हा दोन मारल्या, जोरात. तरी हलली नाही. पुढे जाऊन बघते तर हा कमरेपर्यंत खिडकीबाहेर वाकून, तोंड उघडं टाकून उत्तरेकडे बघत होता.