डंबलडोरने शांतपणे विचारलं

गणपतीत कोकणातल्या घरात काय काय सोसावं लागतं ते कोणालाही विचारा, पहिलं नाव पावसाचं येईल, मग रेल्वेच्या वेटिंग लिस्टचं, मग मुंबई-गोवा हायवेचं. माझ्या लिस्टमध्ये सगळ्यात वर आहे कास्टिंग. हो, सिनेमातलंच. ज्या पुस्तकात ड्रॅगन, जादूगार, उडते झाडू असलं काहीतरी आहे त्यावर पिक्चर नाहीतर सिरीज निघणार आणि त्यात अमक्याला घेतला ते बरोबर की चूक, यावर रात्रीची भजनं आटोपली की आमच्या पडवीत जे काही चालतं ते.

आमचं घर कुडाळच्या बाजूला. मोबाईलची रेंज फक्त पडवीच्या एका कोपऱ्यात येते, आणि तो कोपरा नेमका स्वयंपाकघराच्या खिडकीखाली. मी आत आडाळ्यावर बसून दुसऱ्या दिवसाचे नारळ खवत असते आणि बाहेर चाकरमानी मंडळी जगातल्या मोठमोठ्या स्टुडिओंना अक्कल शिकवत असतात. माझ्या नणंदेची ओवी, इंजिनियरिंगला, हॅरी पॉटरची सगळी पुस्तकं पाठ. धाकट्या दिरांचा सोहम, नववीत, पाठांतर तेवढंच पण मतं बरोबर उलटी. आणि स्वतः दीर, म्हणजे भावोजी.

भावोजींचा पंथ वेगळा, ते लॉर्ड ऑफ द रिंग्जवाले. या पंथातली माणसं हळू बोलतात आणि जास्त वेळ बोलतात. पहिला पिक्चर आला २००१ ला, पण त्यात फ्रोडोला वाचवायला ग्लॉरफिंडेलच्या ऐवजी आर्वेन का येते यावर भावोजी अजून तावातावाने बोलू शकतात, आणि ग्लॉरफिंडेल कोण हे आमच्या घरात दुसऱ्या कोणालाही माहीत नसल्यामुळे त्यांना कोणी अडवतही नाही. ॲरागॉर्नची, म्हणजे त्यातल्या राजाची, गोष्ट तर ते दरवर्षी सांगतात. त्या रोलसाठी आधी स्टुअर्ट टाउनसेंडला घेतला होता, न्यूझीलंडला नेला, तयारी करून घेतली आणि शूटिंग सुरू होता होता काढला, कारण वयाने फार लहान वाटायला लागला. मग घाईघाईत व्हिगो मॉर्टेन्सनला फोन, त्याने पुस्तक वाचलेलंही नव्हतं, पण त्याचा शाळकरी मुलगा म्हणाला बाबा हे कर, आणि बाबाने केलं. मुलाने सांगितलं आणि बापाने ऐकलं हे भावोजी इतक्या कौतुकाने सांगतात, शेजारी सोहम बसलेला असतो, ज्याची ड्रॉइंगच्या क्लासची मागणी कधीपासून पेंडिंग आहे. फॅन्टसी म्हणतात ती हीच असावी.

गेल्या गणपतीत विषय होता हॅरी पॉटरच्या नव्या सिरीजचा. २०११ ला आठवा पिक्चर आला तेव्हा आम्हाला वाटलं होतं सुटलो, पण एचबीओ आता सगळं पुन्हा पहिल्यापासून करतंय, आणि २०२५ मध्ये एकेक नाव जाहीर व्हायला लागलं. हॅरी आणि त्याचे दोन दोस्त अशा तिघा पोरांसाठी ३०,००० हून जास्त मुलांनी ऑडिशन दिल्या म्हणे. डंबलडोर, म्हणजे जादूच्या शाळेचा हेडमास्तर, म्हणून जॉन लिथगो, तर ओवीचं म्हणणं अमेरिकन माणूस कशाला, ब्रिटनमधले म्हातारे संपले का. स्नेप, त्याच शाळेतला खडूस मास्तर, म्हणून पापा एसिएदू, तो कृष्णवर्णीय, तर सोहमचं म्हणणं पुस्तकात असं नाहीये. इथे ओवी उसळली. जुन्या पिक्चरमधला स्नेप, ॲलन रिकमन, तरी पुस्तकातला कुठे होता, पुस्तकात स्नेप एकतीस वर्षांचा आहे आणि पहिल्या पिक्चरला रिकमन पंचावन्नचा, तेव्हा कोणी पुस्तक उघडून वय तपासलं का? सोहम गप्प. मग म्हणाला, पण तो भारी होता. बरं, मग हा पण भारी असेल की, आधी बघ तरी! पर्सी जॅक्सनच्या सिरीजच्या वेळी हेच झालं होतं, नायिका ॲनाबेथच्या रोलमध्ये कृष्णवर्णीय लिया जेफ्रीजला घेतली म्हणून लोकांनी एवढा गोंधळ घातला की २०२२ मध्ये लेखक रिक रायर्डनलाच लोकांना जाहीर खडसवावं लागलं. आणि गंमत म्हणजे त्याआधी २०१० च्या पिक्चरमध्ये बारा वर्षांच्या पर्सीला थेट सोळाचा केला होता, त्यावरही लोक चिडले होते पण ती चीड वेगळी, तिच्यात विष नव्हतं. वयात फरक चालतो, उंचीत चालतो, रंग बदलला की सगळ्यांना अचानक पुस्तकाचा पान नंबर आठवतो. हे मी खिडकीतून बोलले तर दोघंही म्हणाली काकी-मामी तू मध्ये पडू नको.

सासूबाई पडवीत वाती वळत बसलेल्या. त्यांना एवढंच कळलं की कोणाच्यातरी डोळ्यांवरून वाद आहे. कारण तोपर्यंत गाडी हॅरीच्या डोळ्यांवर आली होती. पुस्तकात हिरवे, आईसारखे, आणि त्या आईच्या डोळ्यांवर पुढे बरंच काही अवलंबून आहे, पण डॅनियल रॅडक्लिफचे निळे. लेन्स घालून बघितल्या पण त्याच्या डोळ्यांना सोसल्या नाहीत. सोहमच्या मते हा अक्षम्य गुन्हा. सासूबाई म्हणाल्या, "दिसता मां त्येका? मगे झाला! माझो मोतीबिंदू काढल्यार माका सगळ्यांचे डोळे एकसारखेच दिसतत."

आता मुख्य प्रकरण.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, चौथ्या पुस्तकात एका पेटत्या चषकातून हॅरीचं नाव बाहेर पडतं, त्याने ते टाकलेलं नसतं, आणि डंबलडोर त्याला विचारतो की तू तुझं नाव टाकलंस का. पुस्तकात स्पष्ट लिहिलंय, शांतपणे विचारतो. पहिल्या दोन पिक्चरमधला डंबलडोर रिचर्ड हॅरिस, तो २००२ मध्ये वारला, मग आला मायकल गॅम्बन. आणि २००५ च्या पिक्चरमध्ये हा गॅम्बन जो धावत येतो, पोराचे खांदे धरतो आणि जो काय अंगावर ओरडतो, त्यावरून जगभरचे फॅन आजतागायत हसतायत. ओवीचं म्हणणं, हॅरिस असता तर हे झालं नसतं. भावोजींचं म्हणणं, नटाची चूक नाही, सीनच तसा करायला सांगितला असणार, आणि करून बघितल्याशिवाय कळणार नाही.

म्हणून रात्री एकच्या सुमाराला त्यांनी ते करून बघितलं. मराठीत. सोहमला तांदळाच्या पोत्यांना टेकवून उभा केला आणि भावोजी खळ्यातून धावत आले, "नाव टाकलंस का? तू नाव टाकलंस का? खरं सांग! कोणा मोठ्या माणसाकडून टाकून घेतलंस का?" सोहम किंचाळला, "नाही टाकलं! मी नाही टाकलं!" पावसाने जरा उघडीप दिलेली, त्यामुळे आवाज अख्ख्या वाडीत गेला.

कोकणात रात्री एक वाजता एखाद्या घरातून "नाव टाकलंस का" असं ऐकू आलं तर त्याचा अर्थ एकच होतो. सातबारा.

पाच मिनिटांत गडग्यावर बॅटऱ्या दिसायला लागल्या. वरच्या घरातले आबा, खालच्या घरातले दोघं भाऊ जे एकमेकांशी बोलत नाहीत ते दोघंही, आणि सासऱ्यांचे चुलत भाऊ तात्या, खांद्यावर टॉवेल. आबांनी आल्या आल्या भावोजींना बाजूला घेऊन सांगितलं की गणपती घरात असताना वाटणीचा विषय काढू नये, विसर्जन झाल्यावर तलाठ्याकडे आपण सगळे मिळून जाऊ. भावोजी सांगतायत, अहो वाटणी नाही, गॅम्बन, गॅम्बन! आबा विचारतायत, हा कोण, मुंबईचा वकील काय?

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तीन वाड्यांमध्ये बातमी होती की आमच्याकडे फूट पडली. आरतीला येणारे लोक माझ्या तोंडाकडे बघून जात होते.

पण रात्रीचं सांगायचं राहिलं. एवढी माणसं उठून आली म्हटल्यावर चहा आलाच, भजनातली काळ्या वाटाण्याची उसळ उरलेली ती आली, आणि कोणी जाईना. तात्यांना सगळं समजावून सांगितलं. तात्या दशावतारात होते, जन्मभर स्त्री पार्टी केली. मिशीला वस्तरा लावून, नऊवारी नेसून त्यांनी द्रौपदी, तारामती, काय म्हणाल त्या केल्या, आणि समोरच्या बायका पदर डोळ्यांना लावायच्या. संहिता वगैरे काही नाही, संध्याकाळी रंगपटात बसून मालक सांगणार आज आख्यान हे, तू राजा, तू राक्षस, आपापला रंग आपण लावा, आणि रात्री स्टेजवर एक बाकडं, तेच सिंहासन, तेच रथ, संवाद ज्याचे त्याने जागच्या जागी बोलायचे. ३०,००० ऑडिशन ऐकून तात्या हसले. म्हणाले, "आमचा काष्टिंग च्या पिता पिता होयत होता."

मला वाटलं चला, आता कोणीतरी शहाणं बोलतंय, ही पोरं ऐकतील आणि झोपतील. बाकड्याला रथ मानणाऱ्या माणसाला डोळ्यांचा रंग काय सांगायचा! भावोजींनी तेवढ्यात क्रिस्टोफर ली या नटाची गोष्ट काढली. तो लॉर्ड ऑफ द रिंग्जचं पुस्तक दरवर्षी वाचायचा, लेखक टॉल्कीनला प्रत्यक्ष भेटलेला त्या टीममधला एकटाच, त्याला गॅन्डाल्फ, म्हणजे चांगला जादूगार, करायचा होता आणि वाट्याला आला दुष्ट सारुमान. तात्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "माका पण जलमभर राजा करूचो होतो रे. मालकान लुगडा हातात दिल्यान."

सगळे हळहळले. आणि मग आबा चुकून बोलून गेले की नाहीतरी दशावतारात राजा म्हणजे सुधीर कलिंगण, तसो राजा परत होवचो नाय.

झालं. तात्या उठून उभे. कलिंगणांबद्दल वाद नाही, ते लोकराजा, पण आत्ताचे जे राजे आहेत त्यांना तलवार कुठल्या हातात धरायची कळत नाही, आत्ताच्या द्रौपदी चालतात कशा, पावलं बघा, पावलं, वस्त्रहरणात आधी श्रीकृष्णाला हाक की आधी भीष्माकडे नजर, हे कोणाला ठाऊक आहे का आज? खालच्या घरातल्या थोरल्या भावाला एक नवा पोरगा कर्ण म्हणून आवडतो, धाकट्याला तो पोटामुळे कर्ण वाटत नाही, आणि अशा रीतीने ते दोघं कितीतरी वर्षांनी एकमेकांशी बोलले, म्हणजे भांडले, पण आमच्याकडे ते बोलणंच धरतात. ओवी आणि सोहम तोंड उघडं टाकून बघत बसले. तात्या त्या दोघांपेक्षा शंभर पट कट्टर निघाले.

मी खिडकीतून शेवटचा प्रयत्न केला. म्हटलं, ॲन राइस नावाच्या लेखिकेने तिच्या व्हॅम्पायरच्या पुस्तकावर पिक्चर निघाला तेव्हा टॉम क्रूझला घेतला म्हणून उघड उघड विरोध केला होता, आणि १९९४ मध्ये पिक्चर बघितल्यावर तिनेच त्याचं जाहीर कौतुक केलं, तर आता जरा थांबा आणि झोपा. ओवी म्हणाली, पण मामी, २०२२ च्या सिरीजमधला त्याच्यापेक्षा भारी आहे. अजून पाऊण तास.

खरं सांगायचं तर माझ्या बाबतीत कोणत्याच स्टुडिओला काही चान्स नाही. मी "हॅरी पॉटर आणि परीस" मराठीतून वाचलं, रत्नागिरीत, माहेरी. त्यातली कडक मास्तरीण मॅकगॉनागल म्हणजे आमच्या गणिताच्या बाई, चष्म्यावरून नुसतं बघायच्या आणि मागच्या बाकावरचा मुलगा आपणहून उभा राहायचा. राक्षसाएवढा हॅग्रिड म्हणजे खाडीवरचा तरवाला, जो माणसाला सायकलसकट उचलून होडीत ठेवायचा. ती जादूची शाळा, हॉगवर्ट्स, अर्थातच रत्नदुर्गावर. आणि पिक्चरमध्ये ती ट्रेन ज्या कमानींच्या पुलावरून जाते तो स्कॉटलंडचा ग्लेनफिनन, सगळे त्याच्यासमोर फोटो काढतात, उंची साधारण ३० मीटर. आमचा रत्नागिरीजवळचा पानवलचा पूल ६४ मीटर. पण आम्हाला कोण विचारतो. पुढे मोठमोठे ब्रिटिश नट बघितले, छान काम करतात, पण माझा हॅग्रिड "गो बाय" म्हणतो आणि त्यांचा म्हणत नाही, इथेच विषय संपतो.

हे मी बोलून दाखवलं आणि सोहमला आयडिया सुचली की मग आपल्या घराचंच कास्टिंग करू. सासूबाईंना एकमताने मॅकगॉनागल. तात्या डंबलडोर, हॅरिसवाला, ओवीची अट. आबा हॅग्रिड. मी म्हटलं, आणि मी?

पडवीत शांतता. मग सोहम म्हणाला, "काकी, तू डॉबी."

डॉबी म्हणजे पुस्तकातला घरात राबणारा एल्फ. मी तो का, तर मी सतत स्वयंपाकघरात असते आणि कुठूनही अचानक मध्ये बोलते. मी आडाळ्यावरून उठून बाहेर आले. म्हटलं, डॉबी मान्य, पण मग पुस्तकाप्रमाणे. पुस्तकात हॅरीची मैत्रीण हर्मायनी त्या राबणाऱ्या एल्फांच्या हक्कांसाठी संघटना काढते, बॅज करते, वर्गणी मागते, आणि पिक्चरवाल्यांनी तो अख्खा भाग उडवला, एक सीन ठेवला नाही, तुम्हाला डोळ्यांचा रंग खटकतो आणि हे नाही खटकत? मी किती वेळ बोलले आठवत नाही, पण आबांनी मान डोलावली आणि खालच्या घरातला धाकटा म्हणाला वैनींचा बरोबर आसा.

सोहम आत गेला आणि भावोजींचा एक मोजा घेऊन आला. पावसाने न वाळलेला, दमट. माझ्या हातात ठेवला. एल्फाला मालकाकडून कपडा मिळाला की तो सुटतो, हे पडवीतल्या निम्म्या लोकांना ठाऊक होतं, उरलेल्यांना ओवीने सांगितलं. मी मोजा कमरेला खोचला, आडाळो भावोजींच्या पुढ्यात ठेवला आणि झोपायला गेले.

सकाळी सारण काळपट झालेलं, निम्मी करवंटी त्यात उतरलेली. सासूबाईंनी चिमूटभर बोटावर घेतलं, उजेडाकडे धरलं आणि भावोजींकडे वळून बघितलं.

"खवण्याच्या कामाक ह्येका कोणी घेतल्यान?"