पोस्टकार्डाएवढा तरी मान द्या

माझे वडील, नाना, एका लहान गावात सबपोस्टमास्तर होते. मी तेव्हा सातवी-आठवीत असेन. एका दुपारी ठाण्याचे जमादार आले, टोपी टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "मास्तर, अमक्याच्या नावानं मुंबईहून पत्र येणार आहे. आलं की जरा बाजूला काढा. बघतो आणि लगेच परत देतो." दोघांची जुनी ओळख, गणपतीत एकमेकांच्या घरी जाणंयेणं. नानांनी चहा मागवला आणि सांगितलं, "जमादार, ते पत्र माझं नाही आणि तुमचंही नाही. कलेक्टरसाहेबांचा नाहीतर कोर्टाचा कागद आणा, मी नोंद करून देतो." जमादार चहा पिऊन गेले. कागद काही आला नाही. पत्र आलं आणि ज्याचं होतं त्याच्या घरी पोचलं.

पुढे मी वकिलीला लागले तेव्हा नानांच्या त्या वाक्यामागचं कलम हाताला लागलं. फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ९१ म्हणायचं की ठाण्याचा प्रभारी अधिकारी लेखी आदेश काढून तपासाला हवा तो दस्तऐवज कोणाकडूनही मागवू शकतो. पण त्याच कलमात अपवाद होता: टपाल खात्याच्या ताब्यातलं पत्र, पोस्टकार्ड, तार, पार्सल यांना हे लागू नाही. त्यासाठी कलम ९२, आणि तिथे अधिकार जिल्हा दंडाधिकारी, मुख्य न्यायदंडाधिकारी, सत्र न्यायालय किंवा उच्च न्यायालयाचा. एसपीसाहेब सुद्धा फार तर पत्र शोधून, आदेश येईपर्यंत थांबवून ठेवा एवढंच सांगू शकत. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि ही कलमं ९४ आणि ९५ झाली. पोस्टकार्डाचा अपवाद राहिला. ९४ मध्ये मात्र इलेक्ट्रॉनिक संवाद, संवादाची साधनं आणि डिजिटल पुरावा हे शब्द नव्याने आले, आणि त्यांच्यासाठी तसा अपवाद कोणी लिहिला नाही.

पन्नास पैशांचं पोस्टकार्ड, जे पोस्टमनपासून शेजारच्या काकूंपर्यंत कोणीही वाचू शकतं, ते पोस्टातून काढून घ्यायला कायदा मोठ्या अधिकाऱ्याची किंवा कोर्टाची सही मागतो. माझा मोबाईल नंबर, ईमेल, मी रात्री किती वाजता कुठल्या कनेक्शनवरून लॉगिन केलं, याला ठाण्याच्या शिक्क्याचं एक पत्र पुरतं. (२०२३ च्या नव्या पोस्ट कायद्याने सरकारला सुरक्षेच्या वगैरे कारणांसाठी टपाल अडवण्याचे वेगळे अधिकार दिले आहेत, हे मला माहीत आहे. तरी रोजच्या गुन्ह्याच्या तपासात ठाण्याला पोस्टातून पत्र उचलता येत नाही, ते नाहीच.)

दुसरी एक गोष्ट मला जास्त खटकते. एखादी पोस्ट काढून टाका असं फेसबुकसारख्या प्लॅटफॉर्मला सांगायचं असेल, तर सर्वोच्च न्यायालयाने २०१५ च्या श्रेया सिंघल निकालात म्हटलंय की त्याला न्यायालयाचा आदेश किंवा सरकारची रीतसर अधिसूचना हवी. पोस्ट हटवायला एवढा बंदोबस्त, आणि ती लिहिणारा कोण हे काढायला साधं पत्र! पोस्ट गेली तर माणूस दुसरी लिहितो. नाव गेलं की पोलीस दारात येतात.

पुण्यातलं २००७ चं प्रकरण आठवतंय का कोणाला? ऑर्कुट या तेव्हाच्या समाजमाध्यमावर छत्रपती शिवाजी महाराजांबद्दल अत्यंत आक्षेपार्ह मजकूर टाकला गेला होता. संताप योग्यच होता, माझाही झाला होता. गुन्हा नोंद झाला, पुणे पोलिसांनी गूगलकडून आयपी ॲड्रेस (इंटरनेटवर कनेक्शनला मिळणारा क्रमांक) मिळवला आणि तो आयपी कोणाचा हे टेलिकॉम कंपनीला विचारलं. कंपनीने नाव-पत्ता दिला. ऑगस्टअखेर बंगळूरुच्या एका तरुण आयटी इंजिनिअरला घरातून उचललं आणि पुण्याला आणलं. येरवड्यात तो पन्नास दिवस होता. कंपनीने चुकीच्या ग्राहकाचा पत्ता दिला होता. त्या मुलाचा त्या मजकुराशी काडीचा संबंध नव्हता.

आयपी ॲड्रेस म्हणजे घराचा सातबारा नव्हे. आज संध्याकाळी तो माझ्याकडे असेल, रात्री दुसऱ्याकडे जाईल. म्हणून नुसता आयपी विचारून चालत नाही, तारीख आणि वेळ सेकंदापर्यंत लागते. परदेशी कंपन्यांच्या नोंदी बहुतेक वेळा जागतिक प्रमाणवेळेत असतात आणि आपली वेळ तिच्यापुढे साडेपाच तास. हा फरक मिळवायला कोणी विसरलं किंवा सकाळ-संध्याकाळ उलटी वाचली, की पत्र भलत्याच घरी पोचतं. मोबाईल इंटरनेटवर तर एकाच वेळी कितीतरी ग्राहक एकाच आयपीमागे असतात, तिथे त्यांतला नेमका कोण हे सांगणारा पोर्ट नंबरसुद्धा हवा. मी आजवर पाहिलेल्या पोलिसांच्या पत्रांपैकी पोर्ट नंबर मागणारी बोटांवर मोजण्याइतकी. हे कोर्टात समजावताना दमायला होतं, कारण समोरच्या कागदावर कंपनीचा शिक्का असतो आणि शिक्क्यावर सगळ्यांचा विश्वास.

सध्या माझ्याकडे असाच एक मुलगा आहे. ओळख पटू नये एवढे तपशील बदलून सांगते. वय तेवीस, एमपीएससीची तयारी. अभ्यासिकेची फी परवडत नाही म्हणून तिथेच सकाळ-रात्र कुलूप उघडणं-लावणं, झाडलोट, पाण्याचे जार ही कामं करतो. ब्रॉडबँडचं कनेक्शन मालकांनी त्याच्या आधार कार्डावर घेतलं. वायफायचा पासवर्ड भिंतीवर चिकटवलेला, चाळीसेक मुलं वापरतात. त्या कनेक्शनवरून कोणीतरी एका स्थानिक पुढाऱ्याबद्दल वाईट भाषेत लिहिलं. प्लॅटफॉर्मने आयपी दिला, इंटरनेट कंपनीने ग्राहकाचं नाव दिलं आणि ठाण्यातून याला बोलावणं आलं. सलग तीन दिवस सकाळी दहा ते रात्री आठ. फोन जमा, त्यातच त्याच्या नोट्स आणि हॉलतिकीट. आपली माहिती कोणी, कोणाला, कुठल्या कागदावर दिली हे त्याला आजही कोणी सांगितलेलं नाही.

"मग काय, पोलिसांना काहीच द्यायचं नाही का?" असं म्हणणाऱ्यांना मी दुसरी अशील दाखवते. कॉलेजची मुलगी. तिचे फोटो वापरून कोणीतरी खोटं खातं उघडलं, खाली तिचा नंबर टाकला. घाणेरडे फोन दिवसाला शेकड्याने. तिने कॉलेज सोडायचं ठरवलं होतं. तक्रार लगेच केली, गुन्हाही नोंद झाला. तपास अधिकारी भला माणूस होता, त्याने प्लॅटफॉर्मला पत्र पाठवलं, पण खासगी ईमेलवरून. परत आलं. दुसऱ्यांदा अधिकृत ईमेलवरून गेलं, पण खात्याची अचूक लिंक नव्हती, नुसतं नाव होतं, आणि त्या नावाची खाती पन्नास. पुन्हा परत. तिसऱ्यांदा सगळं बरोबर होतं, तोवर पाच महिने उलटले होते. उत्तर आलं तेव्हा जिथून खातं उघडलं ते सिमकार्ड बंद होतं. त्या मुलीसाठी मला तेव्हा प्लॅटफॉर्मचा राग आला होता आणि आजही येतो. तिला उत्तर चार दिवसांत मिळायला हवं होतं. तपास यंत्रणेने मागितलेली माहिती द्यायला २०२१ च्या आयटी नियमांत बहात्तर तासांची मुदत लिहिलेलीच आहे.

म्हणजे अभ्यासिकेतल्या मुलाची माहिती भराभर गेली आणि हिच्या गुन्हेगाराची अडकली. दोन्ही वेळा मधे बसून कागद तपासणारा, "हे बरोबर आहे, हे अपुरं आहे" असं सांगणारा कोणी नव्हता. ते काम परदेशातल्या कंपनीच्या एखाद्या कर्मचाऱ्यावर सोडलेलं आहे. त्याला राईनपाडा कुठे आहे हे माहीत नसतं आणि कलम ९४ मागची पोस्टकार्डाची गोष्टही.

राईनपाड्याचं नाव मुद्दाम घेतलं. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या त्या गावात, मुलं पळवणारी टोळी फिरतेय या व्हॉट्सॲपवरच्या अफवेपायी, मंगळवेढ्याकडच्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच माणसांना जमावाने ठेचून मारलं. भिक्षा मागत फिरणारी माणसं ती. त्यानंतर केंद्र सरकार व्हॉट्सॲपच्या मागे लागलं की मेसेज पहिल्यांदा कोणी पाठवला ते सांगा. पुढे ते २०२१ च्या नियमांत आलं आणि व्हॉट्सॲप दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. त्यांचं म्हणणं, असं करायचं तर सगळ्यांच्याच मेसेजचं कुलूप मोडावं लागेल. मला ते पटतं. एकाला शोधायला सगळ्यांच्या मेसेजवर खूण करायची, हे मला मान्य नाही. पण त्या पाच जणांच्या घरच्यांसमोर उभं राहून हे बोलायची वेळ आली तर माझे शब्द अडखळतील, हेही खरं. तरीही एक गोष्ट बघा. त्या नियमात पहिला पाठवणारा उघड करायला न्यायालयाचा किंवा आयटी कायद्याच्या कलम ६९ खालचा (म्हणजे सरकारमधल्या वरिष्ठ अधिकाऱ्याचा) आदेश लागतो. म्हणजे सरकारला वरच्या सहीची कल्पना नवी नाही. जिथे वाद झाला तिथे ती आली, रोजच्या पत्रव्यवहारात आली नाही.

आणि प्लॅटफॉर्म आपली बाजू घेतील या भरवशावर तर अजिबात राहू नका. चीनमधले पत्रकार शी ताओ यांनी २००४ मध्ये तिआनमेन चौकातल्या हत्याकांडाच्या स्मृतिदिनाबद्दलच्या सरकारी सूचना याहूच्या ईमेलवरून परदेशी पाठवल्या. याहूने त्यांची माहिती चिनी यंत्रणेला दिली. दहा वर्षांची शिक्षा झाली. कंपनी म्हणत राहिली, आम्ही तिथला कायदा पाळला. २००७ मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीसमोर याहूचे प्रमुख जेरी यांग यांनी शी ताओंच्या आईची माफी मागितली, तोवर मुलगा आत होता तो होताच. आता अलीकडचं: गुन्हेगारांनी पोलिसांच्या नावाने खोट्या तातडीच्या विनंत्या पाठवल्या आणि ॲपल, मेटासारख्या कंपन्यांनी ग्राहकांचे पत्ते आणि फोन नंबर देऊन टाकले, हे २०२२ मध्ये उघड झालं. ठाण्याच्या लेटरहेडवर एवढा विश्वास टाकला की लेटरहेड कोणीही छापू शकतो.

याउलट सिग्नल या मेसेजिंग ॲपचं उदाहरण मी नेहमी देते. २०१६ मध्ये अमेरिकेत ग्रँड ज्युरीने (खटला भरायचा का हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने) त्यांच्याकडे दोन फोन नंबरांची माहिती मागितली. त्यातल्या एकाचंच खातं होतं. त्यांच्याकडे देण्यासारखं होतं ते खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं गेलं, एवढंच. जे साठवलंच नाही ते कोणी नेऊ शकत नाही. आपल्याकडे मात्र जास्तीत जास्त साठवायला लावायचं आणि कमीत कमी सहीवर द्यायचं, असा कारभार आहे.

माझी मागणी साधी आहे. माणसाची ओळख उघड करणारी कुठलीही माहिती मागायची तर न्यायदंडाधिकाऱ्याची सही घ्या. "वेळ जाईल" हे मला सांगू नका. रविवारीसुद्धा रिमांडला एक मॅजिस्ट्रेट बसलेले असतात, दहा मिनिटांचं काम आहे. मूल पळवलंय, कोणी जीव द्यायला निघालंय, तिथे आधी माहिती घ्या आणि दोन दिवसांत कोर्टापुढे कागद ठेवा. मॅजिस्ट्रेटच्या टेबलावरून गेलेल्या पत्रात लिंकही असेल, वेळही असेल, ती वेळ कुठल्या प्रमाणवेळेतली तेही असेल. माझ्या त्या मुलीचे पाच महिने वाचले असते.

आणि तपास संपला, किंवा ठरावीक महिने उलटले, की ज्याची माहिती दिली त्याला कळवा. गूगल आणि मेटाची धोरणं म्हणतात की कायद्याची मनाई नसेल तर आम्ही वापरकर्त्याला आधी कळवतो. आपल्याकडे ही गोष्ट कंपनीच्या धोरणावर राहता कामा नये. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात आपल्याला कलम ११ खाली विचारायचा हक्क दिलाय की माझी माहिती तुम्ही कोणाकोणाला दिली. त्याच कलमाच्या दुसऱ्या पोटकलमात म्हटलंय की गुन्ह्याच्या तपासासाठी लेखी मागणीवर अधिकृत यंत्रणेला दिली असेल तर हा हक्क नाही. आज नाही, उद्या नाही, निर्दोष ठरल्यावरही नाही. ते पोटकलम वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

अभ्यासिकेतल्या मुलाची तारीख सोमवारी आहे. फोन परत मिळावा असा अर्ज आहेच, परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. त्याच्यासोबत दुसरा अर्ज टाकतेय: ठाण्याने प्लॅटफॉर्मला आणि इंटरनेट कंपनीला लिहिलेल्या पत्रांच्या प्रती, त्यांची उत्तरं, आणि आयपीची वेळ कुठल्या प्रमाणवेळेत होती याचा खुलासा. ज्या वकील मित्रमैत्रिणींना आपल्या जिल्ह्यात असे आदेश मिळालेत, त्यांनी रविवारपर्यंत मला प्रत पाठवा. पक्षकाराचं नाव खोडून पाठवा.