गणपती मातीचा, भिंत पीओपीची

चवथीला बारा दिवस राहिलेले आणि आमच्या मेस्तानं, म्हणजे गवंड्यानं, फोन उचलला हीच मोठी गोष्ट, पण उचलून म्हणाला काय, तर "चवथ जातकच येतां." आता चवथ झाल्यावर येऊन तू काय करणार बाबा, गणपती बसतो त्याच्या मागच्याच भिंतीचा परातीएवढा गिलावा जुलैच्या पावसात फुगून खाली आलाय, आतले चिरे दिसतायत, आणि आई रोज सकाळी आधी त्या भिंतीकडे बघते आणि मग माझ्याकडे बघते. बोलत काहीच नाही. बोलली असती तर परवडलं असतं.

म्हटलं त्यात काय, पावडर आणि पाणी. फोंड्याला हार्डवेअरच्या दुकानात गेलो तर तो विचारतो, पीओपी देऊ की तयार जिप्सम प्लास्टर? मी म्हटलं फरक काय? म्हणाला, दोन्ही जिप्समच, पण एक जरा दम धरतं, दुसरं धरत नाही. मी स्वस्त ते घेतलं. पंचवीस किलोची गोण स्कूटरवर पायापाशी ठेवून, वर रेनकोट पांघरून, पावसातनं घरी आणली, लहान मुलाला दवाखान्यातून आणावं तशी.

पहिला घाणा. गमेल्यात पावडर ओतली, वर पाणी ओतलं. मागनं आई बोलली, "अरे, पाण्यात पीठ घालतात, पिठात पाणी नाही." मी म्हटलं, आई हे तांदळाचं पीठ नाही. ते नव्हतंच, पण गुठळ्या अगदी तशाच झाल्या, वरून ओल्या आणि फोडल्या की आत कोरडी पूड. नंतर गोणीच्या पाठीवर वाचलं, आधी पाणी, मग त्यात पावडर भुरभुरत सोडायची, ती आपणहून भिजेपर्यंत मिनिटभर हात लावायचा नाही, मग ढवळायचं. म्हणजे उकड. आईला सांगितलं नाही.

दुसरा घाणा झकास जमला, दह्यासारखा. फक्त अर्धी गोण एकदम कालवली हे चुकलं. त्याचं असं आहे की जिप्समचा दगड दीडशे डिग्रीला भाजला की त्यातलं पाऊण पाणी उडून जातं, आणि ती तहानलेली पूड म्हणजे पीओपी. पाणी दिसलं की ती ते गटकन पिऊन परत दगड व्हायला बघते. दहा मिनिटं, फार तर पंधरा. मी दोन थाप्या मारल्या, तेवढ्यात फोन वाजला, बहीण विचारत होती माटोळीला, म्हणजे गणपतीच्या वर फळं टांगतात त्या चौकटीला, कुमयाची फळं मिळाली का, तिला सांगून वळतो तर बादली हाताला गरम लागली. दूध तापवल्यासारखी कोमट नाही, चांगली गरम! आणि ढवळायला घेतलेला आईचा करवंटीचा दवला मधोमध उभा, सरळ, ध्वजस्तंभासारखा. ओढला तर बादलीसकट वर आला. पाणी घालून सैल करावं म्हटलं तर ते वरच्यावर तरंगत राहिलं, कारण एकदा दगड झाला तो झाला.

मेस्ताला परत फोन. तो म्हणाला आंबट काहीतरी घाल, लिंबू घाल थोडं, मग उशीर लागतो. घरात लिंबू नव्हतं, पण सोलांचं आगळ होतं बाटलीभर. आंबट ते आंबट! वाटीभर ओतलं. आता माझ्यासारखा जन्मभर सोलकढी पिणारा माणूस हे कसं विसरला देव जाणे, आगळात मीठ असतं, मुठीने असतं, आणि मीठ पीओपीला उलट पळवतं. त्यात बादली न धुता घेतलेली, कडेला मघाचे कडक झालेले तुकडे चिकटलेले, आणि नवीन घाण्याला ते विरजणासारखे लागतात. तिसरा घाणा थापीवरच बसला. रंग जांभळट. बायको बघून म्हणाली, "पुढच्या वेळी जिरं घाल, कोथिंबीर मी देते."

चौथ्यापासून शहाणा झालो. दरवेळी बादली घासून धुवायची, दोन किलोच्या वर कालवायचं नाही, फोन बंद. संध्याकाळपर्यंत भोक बुजलं. बुजलं म्हणजे सपाट नाही, हात फिरवला तर तेरेखोलपासून काणकोणपर्यंत गोव्यातले सगळे डोंगर लागतात, पण पांढरं झालं. खरी गोची पुढे. पंचवीस किलोला दगड व्हायला खरं तर साडेचार-पाच लिटरच पाणी लागतं, आपण ओततो पंधरा-सोळा, नाहीतर ते पसरतच नाही. वरचं दहा लिटर हवेत उडून जायला हवं. ऑगस्टात. गोव्यात. जिथे माझी जीन्स गेला सोमवार ते हा सोमवार दोरीवर आहे. शिवाय मागे चिरा, तो आधीच पावसाचं पाणी पिऊन बसलेला. आजोबांनी शिंपल्याच्या चुन्याचा गिलावा केला होता तो उगाच नाही, चुना महिनाभर भिजत ठेवला तरी वाट बघतो, आणि भिंतीलाही श्वास घेऊ देतो.

मेस्त फोनवर म्हणाला, बोटाने ठोकून बघ, आवाज कसो येता? टकटक आला तर धरलंय. मी ठोकलं. घुमलं. मी म्हटलं, टकटक येतोय.

चवथीला शेजारची सगळी मंडळी आरतीला आली. आमच्या इथे पीओपीच्या मूर्तीला बंदी, गणपती चिकणमातीचाच, त्यामुळे मागच्या भिंतीकडे बघून काका म्हणाले, मूर्ती मातीची आणि तू भिंत पीओपीची केलीस होय रे! सगळे हसले. मग दोन घुमटं, शामेळ आणि कासाळं ही आमची आरतीची वाद्यं घेऊन बसले आणि असा काही ताल धरला की वरची माटोळीसुद्धा डोलायला लागली. तिसऱ्या आरतीला, ऐन रंगात, मखराच्या मागे थप्प असा आवाज झाला. घुमटाच्या नादात कोणाला ऐकूच गेला नाही.

आईने आधी भिंतीकडे बघितलं.