पट्ट्या फिरवून मोटरची ताकद वाढत नाही

सध्या एक मेसेज जिकडेतिकडे फिरतोय. मोटरच्या टर्मिनल बॉक्समधल्या पट्ट्या स्टारच्या डेल्टा करा (मोटरच्या तीन कॉइल एकमेकींना जोडायच्या या दोन पद्धती), लो व्होल्टेजलाही मोटर फुल ताकदीने चालते, करंट कमी घेते, बिल निम्मं येतं, आणि कॅपॅसिटर लावला की सिंगल फेजवरही तेवढंच पाणी काढते, असं त्यात आहे. ऐन पाण्याच्या पाळीत मोटर जळली तर पीक हातचं जातं, म्हणून हे लिहितोय.

आधी पट्ट्यांचं बघू, कारण सगळ्यात घातक तेच आहे. बघायचं एवढंच की एका कॉइलवर किती व्होल्ट पडतात. ४१५ च्या लाइनवर स्टारमध्ये कॉइलला २४० मिळतात, डेल्टात पूर्ण ४१५. आपल्याकडे साधारण २ एचपीपर्यंतच्या मोटरी स्टारमध्ये येतात, म्हणजे कॉइल २४० साठीच भरलेली (गुंडाळलेली) असते, तिला डेल्टा करून ४१५ दिले की जवळजवळ पावणेदोन पट व्होल्टेज बसतं, लोखंड सॅच्युरेट होतं (आणखी चुंबकत्व घेऊ शकत नाही) आणि पंप न जोडता मोकळी फिरवली तरी करंट इतका चढतो की वाइंडिंग जळायला वेळ लागत नाही. लो व्होल्टेजला तरी चालेल ना? नाही चालत. समजा डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) लोड आहे आणि लाइनला ३२० च आहेत. स्टारमध्ये त्याच कॉइलला १८५ मिळतात, डेल्टात ३२०. एक फार कमी, एक फार जास्त, मधलं काही नाहीच. ३ एचपीपासून पुढच्या बहुतेक मोटरी मुळात डेल्टाच्याच असतात, तिथे बदलायला काही उरत नाही, उलट कोणी त्या स्टार केल्या तर टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, एक तृतीयांशावर येतो. म्हणून आधी नेमप्लेट वाचा.

लो व्होल्टेजला करंट कमी लागतो हेही उलटं आहे हो. पंपाला पाणी तेवढंच उचलायचं असतं, व्होल्टेज पडलं की मोटर करंट जास्त ओढते आणि तापते, शिवाय टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाने घसरतो, ४१५ चे ३३० झाले की ६३ टक्केच उरतो.

काही जण कमी व्होल्टेजसाठी मोटर मुद्दाम भरून घेतात. ते शक्य आहे, टर्न (तारेचे वेढे) त्या प्रमाणात कमी आणि तार तेवढी जाड. पण ३६० साठी भरलेली मोटर रात्री लोड उतरून लाइन ४३० वर गेली की तापणार, हे वाइंडरने सांगायला हवं. त्यापेक्षा डीपीवरच्या सगळ्यांनी पंपाला कॅपॅसिटर बसवले तर लाइनचं व्होल्टेज खरंच सुधारतं, महावितरण हेच सांगत असतं.

बिलाचं थोडक्यात. मीटर युनिट मोजतो, व्होल्ट नाही. व्होल्टेज निम्मं केलं तर त्याच कामाला करंट दुप्पट लागतो. बिनमीटरच्या शेतीपंपाचं बिल एचपीवर असतं, आणि साडेसात एचपीपर्यंत तर एप्रिल २०२४ पासून राज्याने वीज मोफत केलीय, मग निम्मं कशाचं होणार?

सिंगल फेजच्या मुद्द्यात मात्र थोडं तथ्य आहे. २४० च्या कॉइलची छोटी मोटर डेल्टा करून २३० च्या सिंगल फेजवर दर किलोवॅटला सुमारे ७० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर लावून चालते, इथे डेल्टा करणं बरोबरच आहे. पण ताकद साधारण ६० ते ७० टक्केच मिळते आणि सुरू होताना जोर कमी पडतो, त्यामुळे तेवढंच पाणी हे खोटं. छोट्या मोटरला सिंगल फेज घेऊन २३० चे तीन फेज देणारा व्हीएफडी (मोटर चालवणारा इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह) लावा, त्यालाही मोटर डेल्टाच हवी. फक्त २ एचपीची जी मोटर स्टारमध्ये सव्वातीन अँपियरच्या आसपास घेते ती आता पावणेसहाच्या आसपास घेणार, तेव्हा व्हीएफडीमध्ये मोटरचा करंट त्याप्रमाणे भरा आणि पट्ट्यांना हात लावायच्या आधी मेन स्विच पाडून फ्यूज काढून घ्या.