रिंगमध्ये पंच असतो, गच्चीवर नसतो

पोळा झाल्यापासून आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच विषय आहे. दादाच्या पोरीला एमएमए शिकायचंय, म्हणजे ठोसे, लाथा, कुस्ती सगळं चालणारा झुंजीचा खेळ. अकरावीत आहे, लहानपणी कराटे केलंय, आणि आता क्लासच्या स्पर्धेत उतरायचं म्हणते. स्पर्धा म्हणजे नागपूरच्या रिंग रोडकडच्या एका लॉनवर मांडलेला पिंजरा, डीजे आणि तिकीट. वहिनी म्हणतात, डोक्यावर मार खायला पोरगी वाढवली का? काकांचं मत त्याहून कडक: सरकारनं असल्या खेळावर बंदीच घालावी, माणसं झुंजवून तिकीट लावणं हा रानटीपणा आहे. दादा दोघांच्या मध्ये अडकलाय. शेवटी त्यानं मला लिहिलं, "तिकडे तर हे सर्रास चालते म्हणतात, तूच सांग बाप्पा."

तिकडे म्हणजे इंग्लंडमधलं शेफिल्ड, मी राहते ते. पोलादाचं गाव आणि बॉक्सिंगचंही. येमेनी आईबापांचा पोरगा, बॉक्सर नसीम हमीद इथलाच, विंकोबँकच्या टेकडीवर प्रशिक्षक ब्रेंडन इंगल यांच्या जिममध्ये घडला. मला स्वतःला बॉक्सिंग बघवत नाही. टीव्हीवर लागलं की मी उठून जाते. त्यामुळे मी या खेळाची वकिली करतेय असं कुणी समजू नये. पण काकांच्या तोंडी 'बंदी' हा शब्द आला की मला नागपूरच्या महाल भागातली आमची गच्ची आठवते.

संक्रांतीला काका सकाळी सातलाच चक्री घेऊन वर. जुनी शुक्रवारीतून आणलेल्या पतंगांचा गठ्ठा, स्पीकर, आणि दुपारपर्यंत 'ओ काट'चा गजर. आनंदच असतो तो, मीही त्यातच वाढले. पण नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानं २०१७ सालीच देशभर बंदी घातलीय, तरी तो मिळतो. जानेवारी २०२१ मध्ये नागपुरात दुचाकीवरून जाणाऱ्या विशीतल्या तरुणाचा गळा चिरला आणि तो गेला. दोन वर्षांनी, पुन्हा जानेवारीत, अकरा वर्षांचा मुलगा. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं या प्रकाराची स्वतःहून दखल घेतली. सणाच्या दिवशी पोलीस उड्डाणपूल बंद ठेवतात, लोक गळ्याला दुपट्टे गुंडाळतात, स्कूटरला तारेच्या कमानी लावतात. म्हणजे मजा गच्चीवरच्यांची आणि चिलखत रस्त्यावरच्यांनी घालायचं. पिंजऱ्यातल्या दोघांनी निदान एकमेकांचा मार खायचं कबूल केलेलं असतं, त्यांची वजनं केलेली असतात. रामदासपेठेच्या पुलावरून ऑफिसला निघालेल्या माणसाला कुणी विचारलेलं नसतं.

आणि गोटमार? मारबतीच्या, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काकांनीच त्याचे व्हिडिओ ग्रुपवर टाकले होते, हसऱ्या चेहऱ्यांसकट. सावनेरच्या पुढे मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्याला जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात, त्याला झेंडा बांधतात, आणि पांढुर्णा विरुद्ध सावरगाव अशी दगडफेक दिवसभर चालते. दरवर्षी शेकड्यांनी जखमी. आजवर दहाहून अधिक जीव गेलेत. तिथे डॉक्टर नसतात असं नाही. रुग्णवाहिका असतात, तात्पुरते दवाखाने थाटलेले असतात, पोलिसांचा बंदोबस्त असतो. दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले, ते कुणी हातात धरले नाहीत. पट्टी बांधणारे इतके असताना खेळ थांबवण्याचा अधिकार असलेला एकही माणूस त्या पात्रात उभा नसतो.

मला या सगळ्या वादात एवढंच महत्त्वाचं वाटतं. हिंसा किती दिसते यावरून आपण खेळ चांगला की वाईट ठरवतो, आणि त्यात थांबवणारा कोण आहे, न थांबवल्यास कायद्यानं कुणाची मान धरायची, हे विचारायचं राहूनच जातं.

इंग्लंडमध्येही हे कुणी शहाणपणानं आधी विचारलं नव्हतं, ते एका माणसाच्या मेंदूच्या किमतीवर शिकले. २१ सप्टेंबर १९९१, लंडनचं व्हाइट हार्ट लेन मैदान. बॉक्सिंगची लढत, ख्रिस युबँक विरुद्ध मायकेल वॉटसन. अकराव्या फेरीत वॉटसननं युबँकला खाली पाडलं. युबँक उठला आणि त्यानं खालून वर असा ठोसा (अपरकट) मारला की वॉटसनचं डोकं मागे दोरावर आपटलं. बाराव्या फेरीत पंचांनी लढत थांबवली आणि त्यानंतर वॉटसन कोसळला. पंचांनी त्यांचं काम केलं होतं, पण पुढचं कुणीच केलं नाही. रिंगपाशी ऑक्सिजन देऊन श्वास सांभाळणारं पथक नव्हतं. ज्या रुग्णालयात आधी नेलं तिथे मेंदूवर शस्त्रक्रियेची सोय नव्हती, तिथून दुसरीकडे हलवावं लागलं. जोरदार तडाख्यानं डोकं गर्रकन फिरतं तेव्हा मेंदू आणि त्याच्या आवरणामधली शीर फाटते, कवटीच्या आत रक्त साचत जातं आणि मेंदू दाबला जातो. त्यात प्रत्येक मिनिटाला मोल असतं, आणि वॉटसनची मिनिटं गाडीत गेली. तो चाळीस दिवस बेशुद्ध होता.

वॉटसननं युबँकवर खटला भरला नाही. भरला तो बॉक्सिंगच्या नियामक बोर्डावर. तुम्ही नियम करता, परवाना देता, मग वैद्यकीय सोय अपुरी ठेवण्याची जबाबदारीही तुमचीच, असा त्याचा दावा होता. डिसेंबर २००० मध्ये अपील न्यायालयानं तो मान्य केला. बोर्डाचा विमा नव्हता. चार लाख पौंडांवर तडजोड झाली आणि त्यासाठी बोर्डाला लंडनमधलं मुख्यालय विकावं लागलं. आज इथे परवान्याच्या लढतीला भूलतज्ज्ञ आणि रुग्णवाहिका हजर नसेल तर घंटाच वाजत नाही. जवळच्या न्यूरोसर्जरी विभागाला आधी कळवलेलं असतं, आणि बॉक्सरला दरवर्षी मेंदूचा स्कॅन काढावा लागतो. वॉटसन स्वतः २००३ साली लंडन मॅरेथॉन सहा दिवसांत चालत पूर्ण करून गेला.

हे वाचून दादा म्हणाला, म्हणजे तिकडे सुरक्षित आहे. नाही रे. फेब्रुवारी २०१८ मध्ये आमच्या शेजारच्या डॉनकास्टरला स्कॉट वेस्टगार्थ लढत जिंकला, आणि त्याच रात्री त्याची तब्येत बिघडून शेफिल्डच्या रुग्णालयात त्याचा जीव गेला. सगळ्या सोयी होत्या, तरीही. शिवाय बोर्डाच्या हद्दीबाहेर इथेही मोकळं रान आहे. 'व्हाइट कॉलर' म्हणून ऑफिसात काम करणारी हौशी माणसं काही आठवडे सराव करून दानधर्माच्या नावानं रिंगमध्ये उतरतात. २०१४ साली नॉटिंगहॅमच्या एका नाइटक्लबमध्ये अशाच लढतीनंतर एक जण दगावला. गोऱ्यांचा देश म्हणजे नियमांचा देश, ही आपल्याकडची समजूत त्या नाइटक्लबच्या दाराशीच संपते.

वहिनींचा मुद्दा मात्र मला काकांच्या मुद्द्यापेक्षा जड वाटतो. त्या म्हणतात, मरण्याचं सोडा, रोजच्या लहान लहान ठोशांचं काय? त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. ब्रिटिश मेडिकल असोसिएशन १९८२ पासून बॉक्सिंगबंदी मागतेय ती याचसाठी: बाकी खेळांत डोक्याला मार अपघातानं लागतो, इथे तेच उद्दिष्ट असतं. हेल्मेट घालून लढवा, हा उपायही वाटतो तितका सरळ नाही. आंतरराष्ट्रीय संघटनेनं २०१३ साली हौशी पुरुषांच्या लढतींतून हेडगार्ड काढूनच टाकलं, कारण त्यानं भुवई फुटणं वाचत असलं तरी आतला मेंदू हलायचं थांबत नाही. ग्लोव्हजचंही तसंच, ते मुख्यतः मारणाऱ्याचा हात वाचवतात.

पण वहिनी, फुटबॉल? तो तर तुम्हाला सभ्य वाटतो. ग्लासगोतल्या संशोधकांनी २०१९ साली जुन्या स्कॉटिश व्यावसायिक फुटबॉलपटूंच्या मृत्यूंच्या नोंदी तपासल्या, तर मेंदू झिजण्याच्या आजारांनी मरण्याचं प्रमाण इतरांच्या साडेतीनपट निघालं. पुढच्याच वर्षी इथे लहान मुलांच्या सरावातून हेडिंग, म्हणजे डोक्यानं चेंडू मारणं, काढून टाकलं. माझी लेक क्लबात खेळते, तिचे प्रशिक्षक चेंडू डोक्याकडे आला की शिट्टी वाजवतात. आमच्यातल्या कुणी 'खेळाची मजा गेली' असं म्हटलं नाही. क्रिकेटमध्ये २०१४ साली फलंदाज फिल ह्यूज चेंडू लागून गेल्यावर मानेमागचं संरक्षण आलं, आणि २०१९ पासून डोक्याला मार लागलेल्याच्या जागी बदली खेळाडू उतरवता येऊ लागला. रग्बीत मात्र २००३ चा विश्वचषक जिंकलेल्या स्टीव्ह थॉम्पसनला ते जिंकणंच आठवत नाही.

दहीहंडीला आपल्या सरकारनं २०२२ मध्ये साहसी खेळ म्हणून जाहीर केलं, विम्याचीही भाषा झाली. ठीकच. पण थर डगमगायला लागला की खाली उतरा म्हणणारा पंच त्यातून आला का? एकदा तरी कुणी म्हणालंय का, की हे मंडळ महिनाभर थर लावणार नाही? हौशी बॉक्सिंगमध्ये डोक्याला मार लागून नॉकआउट झालात की किमान तीस दिवस घरी बसायचं, वर्षभरात तिसऱ्यांदा झालं की वर्षभर. तो दिवस मोजणारा कारकून मला त्या अख्ख्या खेळातला सगळ्यात कामाचा माणूस वाटतो.

आपल्या नागपूरची अल्फिया पठाण २०२१ साली पोलंडमध्ये युवा जगज्जेती झाली ती याच चौकटीत खेळून. पोरगी बॉक्सिंग संघटनेकडे गेली तर मी वहिनींशी भांडायला तयार आहे. लॉनवरच्या पिंजऱ्याचं मात्र वेगळं. २०२२ साली बंगळुरूत किकबॉक्सिंगच्या लढतीत तेवीस वर्षांचा पोरगा गेला, तेव्हाही तिथे वैद्यकीय पथक कुठे होतं हाच प्रश्न त्याच्या वडिलांनी विचारला होता. म्हणून मी दादाला क्लासवाल्याला विचारायला सांगितलं: रिंगजवळ डॉक्टर कोण बसणार, लढत थांबवायचा अधिकार त्याला आहे की आयोजकाला, आणि गाडी मेडिकलला, म्हणजे मोठ्या सरकारी रुग्णालयात जाणार की जवळच्या खासगी दवाखान्यात?

क्लासवाल्यानं उत्तर दिलं नाही, फॉर्म पाठवला. शेवटची ओळ: 'काही दुखापत वा जीवितहानी झाल्यास आयोजक जबाबदार राहणार नाहीत.' खाली पालकांची सही. इंग्लंडमध्ये कायद्यानं निष्काळजीपणामुळे झालेल्या मृत्यूची जबाबदारी अशा कागदानं झटकता येत नाही. मी दादाला म्हटलं, ती ओळ खोडून डॉक्टरचं नाव लिहून दे म्हण, मग सही कर. क्लासवाला म्हणाला, इतक्या वर्षांत असं कुणी मागितलं नाही. काका ग्रुपवर गप्प आहेत, पोरगी माझ्याशी बोलत नाही, आणि फॉर्म दादाच्या टेबलावर पडून आहे.