बसवाल्या काकांच्या झोपेचं काय?

मी चाकणच्या एका कंपनीत सेफ्टी डिपार्टमेंटला आहे आणि मुलाच्या शाळेत परिवहन समितीवर पालक प्रतिनिधी आहे. सकाळी ऑफिसात जे काम करते, तेच संध्याकाळी समितीत करू गेले तर लोक माझ्याकडे विचित्र नजरेने बघतात. म्हणून ही पोस्ट. मोठी आहे, आधीच सांगते.

आमच्या कंपनीत फोर्कलिफ्ट चालवणाऱ्या माणसाचे डोळे दरवर्षी तपासतात. शिफ्ट संपल्यावर त्याला पुन्हा गाडीवर बसवायचं असेल तर सुपरवायझरला सही करून कारण द्यावं लागतं. तो काय वाहतो? खोकी. तेही पत्र्याच्या शेडमध्ये, माणसाच्या चालीने. आणि चाळीस मुलं घेऊन नाशिक हायवेच्या ट्रॅफिकमधून जाणाऱ्या काकांना रात्री झोप मिळाली का, हे विचारायचं काम कोणाचंच नाही.

समितीत आम्ही काय बघतो? फर्स्ट एडची पेटी, आग विझवायचा सिलिंडर, जीपीएस, सीसीटीव्ही, खिडक्यांचे आडवे गज, बसमधल्या मदतनीस ताई हजर आहेत की नाही, काकांचं पोलीस व्हेरिफिकेशन. यातलं काहीच फालतू नाही. नोव्हेंबर 1997 मध्ये दिल्लीत वझिराबादच्या पुलावरून शाळेची बस यमुनेत कोसळली, त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने निर्देश दिले. ड्रायव्हरला जड वाहनाचा पाच वर्षांचा अनुभव हवा ही अट त्यातलीच. महाराष्ट्राने 2011 मध्ये स्कूल बससाठी वेगळे नियम केले, परिवहन समितीही त्यातूनच आली. हे सगळं मुलांच्या जिवावर बेतल्यावर आलेलं आहे, त्याला मी नावं ठेवणार नाही. पण हे कागद नीट वाचा. ड्रायव्हर त्यात येतो तो ज्याच्यावर नजर ठेवायची असा माणूस म्हणून. आठ तास, दहा तास, तेरा तास राबणारा कामगार म्हणून तो आमच्या चेकलिस्टमध्ये कुठेच नाही.

आता त्याचा दिवस बघू. आमच्या रूटचे काका साडेचारच्या आत उठतात, कारण बस घराजवळ नसते, मालकाच्या प्लॉटवर उभी असते. सव्वापाचला गाडी सुरू. सातच्या शाळेसाठी पहिलं मूल सहाच्या आत बसतं. मग दुपारच्या सत्राची मुलं आणायची, सकाळची सोडायची, परत संध्याकाळची सोडायची. गाडी प्लॉटवर लावून, झाडून, घरी पोचेपर्यंत साडेसात. लग्नसराईत रात्री वऱ्हाड. काही मालकांच्या बस एमआयडीसीतल्या कंपन्यांनाही लावलेल्या असतात, मग पहिल्या शिफ्टची माणसं सोडायची आणि तशीच गाडी शाळेकडे वळवायची. आपण कंत्राट करतो बसचं. बसला झोप लागत नाही, त्यामुळे कोणाला काही वाटत नाही.

"अहो, पण मधे चार तास रिकामेच असतात की," हे मला बैठकीत ऐकवलं गेलं. ऐकवणारे सद्गृहस्थ स्वतः दुपारी तासभर झोपतात, असो. या युक्तिवादाचं उत्तर कायद्याने फार पूर्वीच देऊन ठेवलंय. मोटार परिवहन कामगार अधिनियम, 1961. दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस. सलग पाच तासांच्या वर काम नाही, त्याआधी किमान अर्धा तास विश्रांती. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मधला रिकामा वेळ धरून पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिनिटापर्यंतचा पसारा बारा तासांच्या वर जाता कामा नये. म्हणजे रिकामा वेळ हा घरचा वेळ नाही, हे त्या कायद्याला तेव्हाच कळलं होतं. सव्वापाचला गाडी सुरू झाल्यापासून साडेसहाला प्लॉटवर लागेपर्यंत मोजा. सव्वातेरा होतात, वऱ्हाड न धरता.

हा कायदा पाच किंवा जास्त कामगार असलेल्या उद्योगाला लागू होता. मग दोन बस स्वतःच्या नावावर, दोन बायकोच्या, एक मेव्हण्याच्या. म्हणजे कागदावर कुठेच पाच कामगार भरत नाहीत. पुढचं सांगायला नको. 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा आणि आरोग्याच्या संहितेत एकूण तेरा कायदे एकत्र केले, त्यात हाही गेला. कागद बदलला तरी माणसाची झोप तेवढीच लागते.

फेब्रुवारी 2024 मध्ये सरकारने चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आधी भरवू नका असं सांगितलं, आठवतंय ना? कारण मुलांची झोप. बसमालकांनी विरोध केला: ऑफिसच्या गर्दीत गाड्या अडकतील, फेऱ्या बसणार नाहीत. पालक दोन्ही बाजूंनी भांडले, मीही भांडले. महिनाभर व्हॉट्सॲपवर झोपेचीच चर्चा. त्या अख्ख्या चर्चेत जो मुलांच्याही दीड तास आधी उठतो त्याच्या झोपेबद्दल एक ओळ आल्याचं मला आठवत नाही.

बरं, ते मधले चार तास तो कुठे काढतो? बसमध्येच. एप्रिलमध्ये पत्रा तापलेला, इंजिन ड्रायव्हरच्या बाजूलाच असेल तर बोनेटची धग वेगळी. शाळेच्या आत जाता येत नाही. बदलापूरच्या घटनेनंतर तर फाटकं अजून आवळली, आणि आई म्हणून मला ते पटतं. पण फाटकाच्या बाहेर वॉचमनच्या केबिनला लागून एक संडास-मुतारी आणि सावलीचं शेड बांधायला कोणी अडवलंय? काका लांबच्या पेट्रोल पंपावर जातात. बसमधल्या ताई सकाळपासून पाणीच पीत नाहीत. मी विचारलं तेव्हा हसल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, सवय झाली." कंपनीत बाईकडून हे वाक्य ऐकलं असतं तर मी त्याच दिवशी रिपोर्ट टाकला असता. लघवी तुंबवून ठेवण्याने जंतुसंसर्ग, पाणी न पिण्याने मूतखडा, हे कुठलाही डॉक्टर सांगेल.

कंबर तर विचारूच नका. स्पीडब्रेकर, खड्डे, घासलेली सीट, आणि दर दोन मिनिटांनी क्लच. तासन्‌तास गाडीचे हादरे बसले की मणका कुरकुरतो, हे जगभर मान्य झालेलं आहे. डिझेलचा धूर कर्करोग करतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2012 मध्येच जाहीर केलं. शाळा सुटताना फाटकावर सगळ्या बस इंजिन चालू ठेवून उभ्या असतात. तो धूर आपली मुलं दहा मिनिटं घेतात, काका वर्षानुवर्षं.

आता शुगर-बीपी. ट्रान्सपोर्टच्या लायसन्सला डॉक्टरचा दाखला लागतो आणि लायसन्सची मुदत पाच वर्षं. या पाच वर्षांत पंचेचाळीशीच्या माणसाच्या रक्तात काय काय होऊ शकतं! आमच्या समितीत एका उत्साही पालकाने सुचवलं, दर सहा महिन्यांनी सगळ्यांची तपासणी करा आणि ज्याची शुगर जास्त त्याला काढा. मी विरोध केला. नोकरी जाणार हे माहीत असेल तर माणूस शुगर लपवतो, गोळी घेत नाही, आणि एक दिवस चालत्या गाडीत चक्कर येते. तपासणीबरोबर औषधाचा खर्च आणि बरं होईपर्यंत दुसरं काम किंवा पगारी रजा देणार असाल तरच खरं आजारपण बाहेर येईल. कारखान्यात हा धडा आम्ही कधीच शिकलोय.

जुलै 2024 मध्ये तामिळनाडूत तिरुपूर जिल्ह्यातल्या वेळ्ळकोविलला स्कूल व्हॅनच्या ड्रायव्हरला गाडी चालवताना हार्ट ॲटॅक आला. त्यांनी गाडी बाजूला घेतली, मुलं वाचली, ते स्टिअरिंगवरच गेले. देशभर त्यांना हीरो म्हटलं गेलं. होतेच. पण माझ्या धंद्यात अशा घटनेचं कौतुक करून थांबत नाहीत, त्याच्या मागे किती महिने छातीत दुखत होतं, सुट्टी मागितली तर पगार कापला जाणार होता का, हे शोधतात.

आणि आपण पालक. बस पाच मिनिटं उशिरा आली की काकांच्या मोबाइलवर फोन. ॲपमध्ये बस दिसत असूनही फोन. गाडी चालवताना फोन उचलला तर आपणच तक्रार करणार, नाही उचलला तरी आपणच. साधं बंपर टेकलं तरी जमाव आधी ड्रायव्हरला खेचतो. ही भीती घेऊन रोज गाडी काढणं हाही कामाच्या ठिकाणचा धोकाच आहे, कुठल्याच फॉर्ममध्ये त्याला रकाना नसला तरी.

फी वाढेल, हे मला माहीत आहे. एका बसला दिवसात दीड ड्रायव्हर लागला तर वाढणारच. सुट्टीतल्या मे महिन्याचा पगार द्यायचा ठरवला तर अजून वाढेल. मी ती भरायला तयार आहे, आणि ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी काय करायचं यावर भांडू. पण दोन गोष्टी जवळपास फुकटात होतात. एक, मालकाकडून प्रत्येक ड्रायव्हरची येण्या-जाण्याची वेळ लिहिलेली वही समितीसमोर यावी, रात्रीच्या भाड्यासकट. दोन, इन्शुरन्स. स्वतःची गाडी चालवणाऱ्या मालकाला पंधरा लाखांचं अपघात संरक्षण सक्तीने घ्यावं लागतं. पगारी ड्रायव्हरसाठी पॉलिसीत वेगळा हप्ता असतो, पन्नास रुपयांच्या आसपास, वर्षाला. तो भरलाय का, हे पॉलिसीतल्या प्रीमियमच्या तक्त्यात दिसतं. आपापल्या बसची प्रत मागवून बघा. मी आमच्या पाचही बसच्या मागितल्यात. दोन आल्या, एकीत आहे, एकीत नाही. बाकीच्या तीन "उद्या देतो".